हिरवळ राखणारा गडी

गवत म्हटले की आपल्या घरांत प्रथम गुरांची आठवण होते. पावसाळा सरला की बांधावरचे गवत विळ्याने कापावे, भारे बांधावेत, थोडे हिरवे गोठ्यात टाकावे आणि उरलेले वाळवून गंजी रचावी, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. गवत कापावयाचे ते कोणाच्या तरी मुखी पडावे म्हणून. परंतु या जगात असेही देश आहेत, की जेथे माणूस घरासमोर मुद्दाम गवत पेरतो, त्यास खत घालतो, उन्हाळ्यात पाणी शिंपतो आणि ते बोटभर वाढले की कापून टाकतो. दारी गाय नाही, म्हैस नाही, शेळीदेखील नाही. इंग्लंड, जर्मनी, स्वीडन या देशांत अशी हिरवळ म्हणजे घराची अब्रू समजतात. ज्याच्या दारचे गवत गुडघ्याला लागू लागले, त्याच्या घराविषयी शेजारी जे बोलतात, ते आपल्याकडे न सारवलेल्या अंगणाविषयी सासवा जे बोलत त्याहून फारसे निराळे नसते.

ही हिरवळ राखण्याचे काम आता तेथील कित्येक घरांत माणूस करीत नाही. कासवासारख्या पाठीचे, चाकांवर चालणारे एक यंत्र दररोज आपण होऊन बाहेर पडते, गवत छाटते आणि भूक लागली की आपल्या खुराड्यात परत येऊन विजेवर पोसले जाते. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे मुलगे-मुली, सुना-जावई आज त्या देशांत संसार करीत आहेत, आणि या यंत्राच्या गोष्टी फोनवरून गावोगावच्या ओट्यांवर येऊन पोहोचल्या आहेत. काही खऱ्या, काही तिखटमीठ लावलेल्या. अशा गड्यासह राहणाऱ्या घरात नेमके काय घडते, हे थोडे विस्ताराने सांगण्याचा विचार आहे.

गवत कापणाऱ्या यंत्राचे जन्मस्थान गोव्याच्या पुष्कळ कुटुंबांच्या आजच्या बिऱ्हाडांपासून दूर नाही. इंग्लंडमधील स्विंडन या शहरात गोव्याहून गेलेली मंडळी मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. तेथून आगगाडीने सुमारे अर्ध्या तासावर स्ट्राउड नावाचे गाव लागते. एकोणिसाव्या शतकात त्या खोऱ्यात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या आणि इंग्रजी फौजेच्या तांबड्या डगल्यांचे कापड तेथे तयार होई. कापडावर जी लव उभी राहते ती सारखी छाटण्यासाठी गिरणीत एक यंत्र असे. आडव्या रुळावर पीळ दिलेली पाती बसवलेली असत, आणि रूळ फिरू लागला की लव एका पातळीत कापली जाई. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने हे पाहिले, आणि जे कापडाच्या लवेला चालते ते जमिनीच्या लवेला का चालू नये, असे त्याच्या मनाने घेतले. १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले. शेजाऱ्यांनी वेड्यात काढू नये म्हणून तो रात्रीच्या अंधारात यंत्र चालवून पाहत असे, अशी आख्यायिका आहे. ते बिडाचे धूड एकाने मागून ढकलावयाचे आणि फार जड वाटल्यास दुसऱ्याने पुढून ओढावयाचे. तरीही खेड्यातील सधन गृहस्थ ते स्वतः चालवतील तर त्यांना करमणूक होईल आणि व्यायामही घडेल, असे त्याने पेटंटाच्या कागदात आवर्जून नमूद केले होते!

पुढे मोठ्या बागांत या यंत्राला घोडे जुंपू लागले. टापांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्यांच्या पायांत कातड्याचे बूट चढवीत. आपल्याकडे आग्र्यास ताजमहालासमोर कापणीयंत्र ओढणारे बैल कित्येक प्रवाशांनी पाहिले आहेत. त्यानंतर पेट्रोलची यंत्रे आली, आणि त्यांबरोबर सुटीच्या दिवशी गल्लोगल्ली घुमणारा कर्कश आवाज आला. जर्मनीत तर २००२ सालापासून असा नियमच आहे, की वस्तीच्या भागात रविवारी आणि सणाच्या दिवशी गवत कापण्याचे यंत्र चालवू नये, आणि इतर दिवशीही रात्री आठ ते सकाळी सात या वेळात चालवू नये. रविवारचा विसावा तेथे असा कायद्याच्या पोथीतही जाऊन बसला आहे.

माणसावाचून चालणाऱ्या यंत्राची कल्पना अमेरिकेत १९६९ सालीच पेटंटापर्यंत पोहोचली होती. परंतु घरोघरी जाण्याजोगे यंत्र घडले ते स्वीडनमध्ये. तेथील हुस्कवार्ना हा कारखाना १६८९ साली फौजेच्या बंदुका घडवण्यासाठी निघाला, पुढे शिवणयंत्रे करू लागला, आणि त्यानेच १९९५ साली सूर्यप्रकाशावर चालणारे गवतकापे यंत्र बाजारात आणले. तीन वर्षांनी विजेच्या खुराड्यात जाऊन भरून घेणारे यंत्र आले. आज अनेक देशांतील अनेक कारखाने अशी यंत्रे करतात.

त्याची करणी आमच्या जिज्ञासू वाचकांस समजावी इतपत सोपी आहे. हिरवळीच्या कडेने जमिनीत दोन-चार बोटे खोल एक बारीक तार पुरतात. ती खुराड्यापासून निघते आणि सगळ्या बागेस वळसा घालून खुराड्यापाशीच परत येते. तिच्यातून अगदी अल्प दाबाचा विजेचा संकेत वाहत असतो. त्या संकेताभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होते ते यंत्राला जाणवते आणि आपण कुंपणाच्या आत आहोत की बाहेर पडू पाहत आहोत, हे त्यास त्यावरून कळते. फुलझाडांच्या वाफ्याभोवती तारेचा वेढा दिला की यंत्र त्या वाफ्यात शिरत नाही. पोटाखाली एक चकती फिरते. तिच्या कडेला दाढीच्या पात्यासारखी तीन लहानशी पाती सैल अडकवलेली असतात. दगड लागला तर पाते मागे वळते. यंत्र कोणी उचलले किंवा ते कलंडले, तर पाती थांबतात. चोराने नेले तर गुप्त आकडा घातल्याखेरीज ते चालत नाही. नव्या जातीची काही यंत्रे तारेऐवजी आकाशातील उपग्रहांच्या संकेतांवर आपली जागा ओळखतात, काहींस कॅमेऱ्याचे डोळेही बसवलेले असतात. मात्र दाट झाडाखाली आणि उंच भिंतीपाशी उपग्रहांचे संकेत नीट पोहोचत नाहीत. शिवाय ज्यांच्या घरी यापूर्वीच तार पुरलेली आहे ते नवे यंत्र घेण्याची घाई करीत नाहीत.

हे यंत्र वाढलेले गवत कापत नाही, ते गवतास वाढूच देत नाही. दररोज दोन-तीन मिलिमीटर शेंडा छाटावयाचा, आणि तो चुरा तेथेच पाडावयाचा. भारा नाही, टोपली नाही. तो चुरा मातीत कुजतो आणि त्यातील नत्र गवताच्या मुळाशी परत जाते. परिणामी हिरवळ दाट होते आणि खत कमी लागते. ज्याने जन्मभर गवताचे भारे वाहिले त्याला कापलेले गवत असे जागच्या जागी नाहीसे होताना पाहून चुटपुट लागते, हेही खरे.

प्रस्तुत लेखकास गेल्या वर्षी जुलै महिन्यात स्विंडनमधील एका नातलगांच्या घरी पाच आठवडे राहण्याचा योग आला. घरात नवरा-बायको, दोन मुले आणि गोव्याहून काही महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. घरामागे बेताची हिरवळ, कडेला सफरचंदाचे एक झाड आणि शेजाऱ्याच्या बागेपासून वेगळे करणारे हिरवे कुंपण. यंत्राचे नाव मुलांनी पेद्रू ठेवलेले. अशी नावे बहुतेक घरांत ठेवतात, असे तेथे कळले. जे रोज सकाळी उठून कामाला जाते त्यास नावाने हाक मारल्यावाचून मुलांना राहवत नाही.

सासूबाईंना त्याचे चालणे मुळीच पसंत नव्हते. जुन्या जातीची ही यंत्रे सरळ जात नाहीत. तारेपाशी पोहोचली की मनास येईल त्या कोनात वळतात आणि पुन्हा चालू लागतात. अशा भटकण्यातून आठवडाभरात प्रत्येक कोपऱ्यावरून त्यांची फेरी होते, हा हिशेब कारागिरांनी मांडलेला आहे. परंतु ज्यांनी नांगरामागून चालण्यात उमेद घालवली त्यांच्या डोळ्यांना हे कसे रुचावे? “अरे, सरळ तास धरायला याला कोणी शिकवलेच नाही काय?” असे त्या मुलाला विचारीत. मुलगा म्हणे, “आई, तू संध्याकाळी बघ, सगळे सारखे झालेले दिसेल.” आणि तसे ते दिसेही, तरी त्यांचे समाधान होत नसे.

गड्याने काम अंगावर घेतले म्हणून घरधनी मोकळा झाला, असे मात्र नाही. सकाळी यंत्र सुटण्यापूर्वी कोणीतरी हिरवळीवरून एक फेरी मारावी लागते. मुलाचा मोजा, उडी मारण्याची दोरी, पाण्याची नळी, झाडावरून गळलेली कच्ची सफरचंदे, चेंडू, असे सारे उचलावे लागते. दोरी तर चकतीला अशी गुंडाळते की यंत्र उलटे करून, हातमोजे घालून, अर्धा तास सोडवीत बसावे. त्यापूर्वी वीज तोडावयाची, हे विसरता कामा नये. पाती दीड-दोन महिन्यांनी बदलावी लागतात. बोथट पाते गवत कापण्याऐवजी फाडते, आणि फाटलेला शेंडा पिवळा पडतो. शिवाय ती तार! गृहिणीने गुलाब लावण्यासाठी खोरे घातले की तार तुटलीच म्हणून समजावे. यंत्र जागच्या जागी उभे राहते, खुराड्यावरचा दिवा रंग बदलतो, आणि मग तुटलेली जागा हुडकावयाची. यासाठी एक युक्ती तेथील लोक करतात. जुना खिशातला रेडिओ मध्यम लहरींवर लावून तारेच्या कडेने चालत जातात. तारेतील संकेताची खरखर रेडिओत ऐकू येते, आणि जेथे ती थांबते तेथे तार तुटलेली असते. त्या घरी आजोबांचा रेडिओ केवळ याच कामासाठी जपून ठेवला होता.

येथवर सारा व्यवहार सुखाचा वाटतो. खरा प्रश्न निराळाच आहे. या गड्याला कामाला सोडावयाचे तरी केव्हा?

प्रथमदर्शनी उत्तर सोपे दिसते. यंत्राचा आवाज अगदी थोडा असतो. बंद खिडकीतून तो ऐकूही येत नाही. दिवसा मुले हिरवळीवर खेळतात. पाती लहान असली तरी तीक्ष्ण असतात, आणि मुले अनवाणी असतात. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतही मुलांना यंत्रापासून दूर ठेवा, असे बजावलेले असते. तेव्हा सारे घर झोपले की यंत्र सोडावे, सकाळी उठून पाहावे तो हिरवळ विंचरून ठेवलेली! कित्येक घरांत वर्षानुवर्षे असेच चालत आले.

परंतु रात्री ती हिरवळ रिकामी नसते. त्या देशांत हेजहॉग नावाचा एक प्राणी आहे. आपल्या दोन्ही ओंजळींत मावेल एवढा, पाठीवर काटे, नाक लांबट. पाहताच साळिंदराचा धाकटा भाऊ वाटावा. पण साळिंदर कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या जातीचे, आणि याचे खरे नाते आपल्या चिचुंद्रीशी. दिवसभर हा पाल्याच्या ढिगात झोपतो आणि अंधार पडू लागला की किडे, सुरवंट, गोगलगायी हुडकीत बागेमागून बागा पालथ्या घालतो. माळ्यास याच्यासारखा सोबती नाही. आणि संकट आले तर हा पळत नाही. अंगाचा गोळा करतो, काटे उभे करतो आणि जेथल्या तेथे पडून राहतो. कोल्ह्यापुढे ही युक्ती पुष्कळदा चालते. फिरत्या पात्यापुढे ती चालत नाही.

डेन्मार्कच्या सोफी लुंड रासमुसेन या विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची रीतसर पारख केली. इतर कारणांनी मेलेले हेजहॉग हिरवळीवर ठेवून त्यांनी १८ प्रकारची यंत्रे त्यांच्या दिशेने सोडली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे आढळले, की एकाही यंत्रास तो प्राणी स्पर्श होण्यापूर्वी ओळखता आला नाही. काही यंत्रे नुसती टेकून मागे वळली, काहींनी मात्र जबर जखमा केल्या. सगळी यंत्रे सारखी घातक नाहीत, हेही त्यांनी न्यायाने नमूद केले आहे. जर्मनीतील ॲन बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या ठिकाणांहून माहिती मिळवली. कापल्याच्या जखमा झालेल्या ३७० हेजहॉगांची नोंद त्यांच्यापाशी जमली आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे जगू शकले नाहीत. त्यांतील कितीतरी अपघातानंतर बऱ्याच तासांनी सापडले, कारण हा प्राणी दुखले तरी ओरडत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात जागतिक निसर्गसंवर्धन संघाने युरोपातील हेजहॉग संकटाच्या उंबरठ्यावर असल्याचे जाहीर केले. त्याचे कारण काही एकटे हे यंत्र नव्हे. रस्त्यावरच्या मोटारी, नाहीशी झालेली झुडुपे आणि शेतांवरची विषारी औषधे या साऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण मोटारी थांबवणे एका घराच्या हाती नसते. आपल्या बागेतले यंत्र थांबवणे असते.

त्याच महिन्यात जर्मनीतील कोलोन या शहराने अशी यंत्रे रात्री चालवण्यास मनाई केली. सूर्यास्तापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत यंत्र खुराड्यातच राहिले पाहिजे, असा तो हुकूम. इतर काही शहरांनीही असेच नियम केले.

स्विंडनच्या त्या घरी कोणाचा हुकूम आला नव्हता. तेथे घडले ते असे. कुंपणाखालच्या फटीतून एक हेजहॉग रोज तिन्हीसांजेला येई आणि मुले स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा मालवून त्याची वाट पाहत बसत. सासूबाई त्याच्यासाठी बशीत दूध ठेवू लागल्या, तेव्हा नातवाने शाळेत शिकलेले सांगितले, की या प्राण्याला दूध पचत नाही, त्याचे पोट बिघडते. साधे पाणी ठेवावे. पाणी ठेवले गेले. मग एके सकाळी पलीकडच्या गल्लीतील एका बाईंनी खोक्यात घालून एक जखमी हेजहॉग प्राण्यांच्या दवाखान्यात नेल्याचे मुलांच्या कानी आले. त्यांच्या घरचे यंत्र रात्री चालत असे. तो मुलांचा नेहमीचा पाहुणा होता की दुसरा, हे कोणास कळणार? त्या संध्याकाळी फटीतून कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग जेवणाच्या टेबलावर एका यंत्राच्या वेळापत्रकाविषयी जी चर्चा झाली, ती या लेखकाने शेतीच्या वाटणीविषयीही क्वचितच ऐकली असेल. रात्र सोडली. पहाटे दव असते, ओले गवत चाकांना चिकटते आणि हिरवळ चिखलते, म्हणून पहाट सोडली. जुलैत तेथे सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणून संध्याकाळ रिकामी वाटते. पण ती मुलांच्या चेंडूची वेळ. रविवार तर सोडलेलाच होता. तो इंग्लंडमधील कायद्याने नव्हे, सासूबाईंच्या शब्दाने. “त्यालाही एक दिवस नको काय?” असे त्या म्हणाल्या, आणि यंत्राला विश्रांतीची गरज नसते हे त्यांना समजावून सांगण्याचे धाडस कोणी केले नाही. उरले ते सोमवार ते शुक्रवार, दहा ते अडीच, मुले शाळेत असतानाचे तास. मात्र जुलै संपत आला होता आणि शाळेस सहा आठवड्यांची सुटी लागणार होती. तेव्हा असे ठरले, की सुटीत दुपारच्या जेवणापासून पुढे दोन तास मुलांनी घरात राहावे, मागचे दार लावलेले असावे आणि तेवढ्यातच पेद्रूने आपले काम उरकावे. दोन तासांत सगळी हिरवळ होत नाही, असे मुलाने हिशेब करून दाखवले. सुनेने सांगितले, “मग कुंपणाकडची पट्टी वाढू द्या.” तार उकरून हातभर आत घेतली गेली. चार आठवड्यांत त्या पट्टीत पांढरा क्लोव्हर फुलला आणि मधमाश्या आल्या.

असा बदल तेथे एकाच घरात होत आहे, असे नाही. प्लँटलाइफ या इंग्रज संस्थेने २०१९ सालापासून मे महिनाभर गवत कापू नका अशी मोहीम चालवली आहे, आणि हिरवळीचा एखादा तुकडा मुद्दाम रानटी ठेवण्यात आता कमीपणा मानीत नाहीत. तुळतुळीत हिरवळ दिसावयास सुंदर असते, यात शंका नाही. पण फुलपाखरू तेथे फिरकत नाही.

हे यंत्र आपल्या वाडीत आणले तर चालेल काय, असे एका वाचकमित्राने विचारले होते. उत्तर स्पष्ट आहे. जूनच्या पहिल्या सरींनंतर आपल्याकडचे गवत ज्या वेगाने वर येते, त्यापुढे दोन-तीन मिलिमीटर छाटणारा गडी चार दिवसांत बुडून जाईल. जांभ्याच्या खडकात तार पुरणे कठीण, आणि कोंबड्या, कुत्री, शेजाऱ्याची वासरे यांची ये-जा वेगळीच. दोन नोव्हेंबरच्या आधी आपण स्मशानभूमीतले गवत साफ करतो, त्या कामाला विळा किंवा खांद्याला अडकवावयाचे पेट्रोलचे यंत्रच उपयोगी. आणि गोठ्यात म्हैस असेल, तर गवताचा चुरा मातीत मिळवणे ही चैनच म्हणावयाची.

तिकडे नोव्हेंबर हा यंत्राच्या विश्रांतीचा महिना. थंडीने गवताची वाढ थांबते. यंत्र घासून-पुसून, पाती काढून, कोरड्या जागी ठेवतात. हेजहॉगही त्याच सुमारास पाल्याच्या ढिगात शिरून मार्चपर्यंत झोपतो. त्या घरातून परवा फोन आला होता. सफरचंदाचा पालापाचोळा या वर्षी झाडून टाकला नाही, कुंपणाच्या कोपऱ्यात तसाच रचून ठेवला आहे, असे सुनेने कळवले. धाकट्याने त्यावर एक पाटी रोवली आहे. मार्चअखेर पेद्रू बाहेर काढतील तेव्हा आधी तार तपासावयाची, मग ढिगाच्या बाजूला काठीने हात न लावता पाहावयाचे, आणि तो उठून गेला असेल तरच यंत्र सुरू करावयाचे, असे त्या पाटीवर लिहिले आहे म्हणतात.